निळ्या उजेडात हळद

प्रांजलीनं माझा हात कपाळाच्या अलीकडंच धरला. सकाळची वेळ होती, ती चपला घालून दारात उभी होती आणि मी रोजच्यासारखी डबीतला खंडोबाचा भंडारा बोटाला घेऊन पुढं झाले होते. इतक्या वर्षांत तिनं कधी मान मागं घेतली नव्हती. परीक्षेला जाताना, अंगात ताप असताना, माझ्याशी भांडून निघतानासुद्धा ती आधी कपाळ पुढं करायची आणि मग तणतणत जिना उतरायची. आज तिनं मनगटच धरलं, घट्ट. "थांब आत्या. लावू नको." वाटलं, झालं, शिकल्यासवरल्या माणसांत राहून हिला आता याची लाज वाटायला लागली. पण ती हात सोडीना. दार ढकलून तिनं खिडकीचा पडदा ओढला आणि दुसऱ्या हातानं पिशवीतून ती लहानशी जांभळ्या उजेडाची बॅटरी काढली, जिनं ती प्रयोगशाळेत काचा तपासते. तो उजेड तिनं माझ्या बोटावर टाकला. खोलीतलं बाकी सगळं काळंजांभळं झालं आणि माझ्या बोटाचं टोक पिवळं-हिरवं पेटलं. काजव्याचं पोट असावं तसं. माझ्या कातडीच्या रेघारेघांतून ते उजळत होतं आणि मी स्वतःच्याच बोटाकडं परक्या वस्तूकडं बघावं तशी बघत राहिले. प्रांजली कुजबुजली, "असंच. अगदी असंच हाय." मग तिनं वर बघितलं. डोळे रात्रभर जागलेले, पण चमकत होते. "आत्या, खरं सांग. खंडेनवमीला तू भंडारा कुठं कुठं टाकला व्हता?"

मी म्हणाले, "सगळीकडंच टाकला की. तुझ्या मॅडमनंच सांगितलं टाका म्हणून." ती एकदम हसली. मग तोंडावर हात ठेवला, आणि मला कळेना ही हसतेय की रडतेय. "चल, लुगडं बदल. तू माझ्यासंगं यायलीस. कुठं टाकला ते बोटानं दाखवायचं."

गारखेड्यातून रिक्षा मिळाली. क्रांती चौकापर्यंत गर्दी, हॉर्न, शाळेच्या व्हॅन. रिक्षावाल्यानं आरशात माझा हात बघितला आणि म्हणाला, "हाथ पीले दिख रै अम्मा. किसकी शादी है?" प्रांजली पटकन म्हणाली, "सोने की, भाई. जल्दी चलाव." तो काय समजला कोण जाणे, पण त्यानं रिक्षा खरंच पळवली. थंडीचे दिवस, वारं कानाला झोंबत होतं. प्रांजली माझ्या शेजारी बसून गुडघा हलवत होती. लहानपणी शर्यतीला उभी राहायची तेव्हाही तिचा गुडघा असाच हलायचा. ती माझ्या भावाची, हनुमानची पोर. तो अजून वैजापूरच्या बाजूला मेंढरं राखतो. थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण त्याचा जीव मेंढरांतच. माझा नवरा गेल्यावर मी माहेरी आले, आणि पोरीला शहरात शिकवायचं ठरलं तेव्हा तिच्याबरोबर राहायला कुणीतरी हवं म्हणून मी आले. भाकरी थापायला म्हणून आले आणि राहून गेले. दुकानांच्या पाट्यांवरून तिनंच मला अक्षरं ओळखायला शिकवली, तेव्हा माझे केस पिकले होते. आता ती मोठ्या पदवीसाठी संशोधन करते, मकबऱ्याच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका संस्थेत. काय करते हे गावाकडच्या माणसांना सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडखळायची. पुढं पुढं मी म्हणायला लागले, ती सोनं तोडते. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

पण ते खरंच आहे. तिनं मला ते चुलीपाशी बसून समजावलं होतं. म्हणजे गॅसच्या शेगडीपाशी, मी अजून चूलच म्हणते. केसासारखी सोन्याची तार घ्यायची. ती एका लवचिक पट्टीवर चिकटवायची. पट्टीच्या पोटाला खालून स्क्रूनं हळूहळू दाबायचं. पट्टी वाकते, तार ताणली जाते, मधेच बारीक होत जाते आणि शेवटी तुटते. तुटल्या क्षणी दोन टोकांमधली फट इतकी लहान असते, की तिच्यात एखादा रेणूच बसेल. रेणू म्हणजे कुठल्याही वस्तूचा इतका लहान तुकडा, की त्याचे अजून तुकडे केले तर ती वस्तूच राहत नाही. वरून रेणूंचं पातळ पाणी सोडलेलं असतं. त्यातला एखादा येऊन दोन्ही टोकांना हात लावून लोंबकळतो. मग त्या एकट्या रेणूमधून वीज जाऊ द्यायची आणि मोजायची. हे ऐकताना माझी बोटं आपोआप हलायला लागली होती. मी लोकर कातायची, चाती मांडीवर फिरवून. सूत ओढताना ते कुठंतरी बारीक होतं, आणि तुटायच्या आधी एक क्षण असा येतो की सगळं ओझं एकाच केसावर असतं. तो केस दिसत नाही. बोटाला कळतो. प्रांजली म्हणाली होती, "तेच, आत्या. पण हितं बोटाला न्हाय कळत, पडद्यावरच्या रेघेला कळतं." मला तेव्हापासून तिच्या कामाची भीती वाटायची बंद झाली. नुसतं कुतूहल उरलं, आणि ते दिवसेंदिवस वाढतच गेलं. तिची भाकरी पानात वाढताना मी विचारायचे, आज लोंबकळला का कुणी?

तिचा खरा प्रश्न पुढंच होता. तो लोंबकळलेला रेणू अंधारात असतो तेव्हा त्याच्यातून थोडी वीज जाते. त्याच्यावर उजेड टाकला तर? जास्त जाते का? उजेड त्याला जागं करतो का? ही तिची तीन वर्षं. श्रीरंग नावाचा पोरगा, तिच्याबरोबरच शिकणारा, त्यानं वरच्या मजल्यावर रसायनांतून एक नवाच रेणू घडवला. तो हिरव्या उजेडाला जागा व्हावा असा त्यांचा बेत होता. तो काही जागा होईना. महिनेच्या महिने प्रांजली रात्री घरी येऊन ताटावर नुसती बसायची. मग दसऱ्यानंतर एका संध्याकाळी ती जिना धावत चढली. आवाजावरून मी ओळखलं की चपला खालीच राहिल्यात. "आत्या! झालं! हिरव्याला न्हाय, निळ्याला झालं! निळा टाकला की रेघ वर, बंद केला की खाली!" तिनं मला धरून गरागरा फिरवलं, आणि शेगडीवरची आमटी लागली ती आम्हा दोघींना वासानंच कळली. हिरव्याऐवजी निळ्याला का, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच सगळ्यांना आनंद झाला होता. काहींनी शंका काढली, उजेडानं सोनं तापून फुगत असेल आणि फट आक्रसत असेल. तेव्हा प्रांजलीनं उजेड इतक्या झपाझप उघडझाप करून दाखवला की सोन्याला तापायला सवडच मिळू नये. शंका मिटली. तिचा लेख परदेशातल्या मोठ्या मासिकानं घेतला. येत्या महिन्यात तो छापून येणार होता. तिच्या बापानं लासूर स्टेशनच्या बाजारात ओळखीच्या सगळ्या माणसांना चहा पाजला होता, लेख कशावर आहे हे ठाऊक नसताना.

रिक्षात ती माझ्या कानाशी बोलत होती. वाऱ्यात निम्मं उडून जात होतं. काल संध्याकाळी ती रेणूच्या पाण्याची बाटली पुसत होती. सहज जांभळी बॅटरी लावली, तर बाटलीच्या तोंडाला, झाकण फिरतं त्या आट्यांमधे, एक बारीक रेघ पिवळी-हिरवी पेटली. तिला वाटलं, बुरशी. वाटलं, साबण. रात्रभर ती डोळे मिटून पडली होती आणि मला वाटलं होतं की ती झोपलीय. सकाळी माझं बोट तिच्या कपाळाकडं आलं, पिवळं. "दसऱ्याच्या आधी एकदा बी रेघ हलली न्हाय, आत्या. एकदा बी. दसऱ्यानंतर पहिल्याच आठवड्यात हलली." ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "हळद निळा उजेड खाते. शाळेतल्या पोराला माहीत असतं." रिक्षा खड्ड्यात आदळली. मला तेव्हा कुठं समजलं, की ती विचारत होती ते काय.

खंडेनवमी. त्या दिवशी मॅडमनी मला मुद्दाम बोलावलं होतं. सरोजिनी मॅडम, प्रांजलीच्या मार्गदर्शक. पैठणकडच्या भटजींच्या घरातल्या, आजोबा याज्ञिकी करायचे असं त्याच सांगतात आणि वर म्हणतात, "मी मात्र व्होल्टमीटरचीच पूजा करते." दरवर्षी त्या दिवशी प्रयोगशाळेतली यंत्रं पुसतात, पंपाला झेंडूचा हार घालतात, स्क्रूड्रायव्हर आणि पकडी पाटावर मांडतात. कारखान्यात करतात, बसडेपोत करतात, तसंच इथं. यंदा मॅडम म्हणाल्या, "बानाबाई, तुमच्याकडं खंडोबाचा भंडारा असतो ना? कुंकवापेक्षा तोच टाकू. दिसायला छान दिसतं." मी नेला. श्रीरंगनं मोबाइलवर आरती लावली आणि ती मधेच अडकली तेव्हा मॅडमनीच खड्या आवाजात पुढं म्हटली. मी चिमटीनं भंडारा टाकत गेले. पंपावर. पडद्यावर. स्क्रू फिरवायच्या चाकावर. फळीवरच्या बाटल्या दिसल्या. माझा हात थबकला होता, हे मला आता रिक्षात आठवलं, थबकला होता खरा. पण मॅडम हसून म्हणाल्या, "त्यांनाच का वगळता? खरं काम तर त्याच करतात." सगळे हसले. मी झाकणाझाकणावर चिमूट टाकली. माझ्या चिमटीत किती हळद बसते? भाजीला पुरणार नाही इतकी. पण प्रांजलीच्या कामाला एकच कण लागतो. कणाचाही कण.

आणि मग मला ते कोकरू आठवलं, इतक्या वर्षांनी, रिक्षात. मी नवी लग्न झालेली असेन. मेंढी रानातच व्याली होती, कोकरू ओलं, थरथरत होतं. मला त्याची दया आली. माझ्या हाताला त्या दिवशी मेंढरांच्या खुरांना लावायचं औषध होतं, उग्र, काळं. मी कोकरू तसंच उचलून पदरात घेतलं, पुसलं, आणि परत आईपाशी ठेवलं. मेंढीनं त्याला हुंगलं आणि डोकं मारून लांब ढकललं. पुन्हा पुन्हा ढकललं. माझ्या सासऱ्यांनी नुसतं माझ्या हाताकडं बघितलं. माया केली ती त्या हातानं, आणि बाट लागला तोही त्याच हातानं. रिक्षा मकबऱ्याच्या रस्त्याला वळली तशी मी हात पदराखाली घेतला. प्रांजलीनं तो पदराखालून बाहेर ओढला आणि आपल्या हातात धरून ठेवला. तिचा तळवा घामानं ओला होता, एवढ्या थंडीत.

प्रयोगशाळा तळघरात आहे, म्हणजे वरच्या रस्त्याची थरथर तिथं पोचत नाही. श्रीरंग आधीच आलेला होता, प्रांजलीनं निघतानाच त्याला फोन केला होता. डोळे तांबडे, केस विस्कटलेले. मला बघून म्हणाला, "या आत्या. आज तुम्हीच आमच्या गाइड." आवाज चेष्टेचा होता पण तोंड उतरलेलं होतं. त्यानंच घडवलेला रेणू होता तो. मी बोटानं दाखवत गेले. इथं, इथं, आणि या झाकणांवर. तो ऐकत होता आणि मधेच म्हणाला, "तीन वर्षं रांधलं मी, आणि फोडणीनं भाव खाल्ला." प्रांजली त्याला म्हणाली, "रड नंतर. सीलबंद कुपी हाय ना तुझ्याकडं, दसऱ्याच्या आधीची?" होती. फ्रीजमधे, काचेचं तोंड वितळवून बंद केलेली, त्याच रेणूची. तिच्यात काहीच शिरलेलं नसणार. साधी गोष्ट होती, मलाही कळेल अशी. नवी तार, नवी कुपी, निळा उजेड. रेघ वर गेली तर प्रांजलीचा शोध खरा. नाही गेली, तर तिनं तीन वर्षांनंतर जगाला जे सांगितलं ते तिच्या रेणूचं नव्हतंच.

दिवे मालवले. मला कोपऱ्यात स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, हलायचं नाही, पाय वाजवायचा नाही. पडद्यावर पिवळी रेघ वरून खाली उतरायला लागली. पायऱ्या पायऱ्यांनी. प्रत्येक पायरी म्हणजे सोन्याचा एक पदर सुटला, असं मला आधी सांगितलेलं होतं. मी अक्षरं शिकले तेव्हा पहिल्यांदा एखादी पाटी आपोआप वाचली गेली आणि मी रस्त्यातच उभी राहिले होते, तसं झालं. रेघ मला वाचता येत होती. आता तुटली. धपकन खाली. मग मधेच, खालच्या अंगाला, एक लहानशी पायरी. लोंबकळला कुणीतरी. प्रांजलीनं श्वास सोडला. निळा उजेड पडला. तार ठेवलेल्या पेटीच्या लहानशा काचेतून तो दिसत होता, खोल, थंड.

रेघ हलली नाही.

पुन्हा ओढलं. पुन्हा पायरी, पुन्हा निळा. नाही. कितीदा केलं मी मोजलं नाही. दर वेळी पायरी यायची, दर वेळी माझी छाती भरून यायची, आणि रेघ सपाट. मग तिनं जुनी बाटली लावली, हळदीच्या तोंडाची. लगेच नाही, पण थोड्याच वेळात ती रेघ वर उडाली, उजेड बंद, खाली, उजेड, वर. इतकी सुंदर दिसली ती, की माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं आणि मग कळलं की हेच वाईट आहे. अंधारात मला प्रांजलीचं फक्त नाक आणि गाल दिसत होते, पडद्याच्या उजेडात. ती रडत नव्हती. तिचं तोंड किंचित उघडं होतं. लहानपणी तिनं पहिल्यांदा रेल्वे बघितली तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता, भीती आणि हाव दोन्ही.

मॅडम आल्या त्या अनवाणी, आवाज न करता. त्यांनी दोन्ही रेघा बघितल्या. मग माझ्याकडं वळल्या. मी उठून उभी राहिले. "मॅडम, माझ्या हातनं..." त्यांनी हात वर केला. "बसा हो बानाबाई. बाटल्यांना का वगळता असं कोण म्हणालं होतं?" त्या खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी कपाळ दाबलं. "अख्ख्या जगाला सांगून बसलेय मी."

लेख मागं घ्यावा लागणार, यावर कुणाचं दुमत नव्हतं. ते मला विशेष वाटलं. कुणी म्हणालं नाही की राहू दे, कोण बघतंय. पण काय लिहून मागं घ्यायचा, यावर श्रीरंग पेटला. "अशुद्धी आढळली, एवढंच लिहू. सगळे तसंच लिहितात. हळद कशाला काढायची? लोक हसतील. म्हणतील, हे बघा, यंत्राची पूजा करतात आणि हळदीचा शोध लावतात. मॅडम, तुम्हाला परिषदेत कुणी उभं करणार नाही. आणि हिला तर..." तो थांबला. प्रांजली शांतपणे म्हणाली, "बोल की. हिला तर काय? धनगराची पोरगी, भंडारा घेऊन प्रयोगशाळेत आली, असंच ना?" "मी तसं म्हणालो नाही." "तू न्हाय. ते म्हणतील." "तेच तर सांगतोय." "म्हणू दे." ती संगणकासमोर बसली. मॅडम म्हणाल्या, "थांब जरा. आधी शुद्ध हळदीचा रेणू लावून बघू. तो निळ्याला जागा झाला तर आपल्या हाती निदान काहीतरी असेल. मग लिही." प्रांजलीनं मान हलवली. "नको मॅडम. तो जागा झाला तर मला बरं वाटेल, मग लिहिणं सोपं आहे. नाही झाला तर माझा हात उठणार नाही. मला माहीत आहे माझं. आत्ताच पाठवते." तिचा आवाज कापत होता. मला तिच्या जागी तिचा बाप दिसला, पुरात मेंढरं उतरवताना पहिलं पाऊल पाण्यात टाकणारा.

ती इंग्रजीत लिहीत होती आणि माझ्यासाठी मराठीत सांगत होती, प्रत्येक वाक्य, जणू मी साक्षीला बसलेय. सीलबंद नमुन्यात हा परिणाम दिसला नाही. वापरातल्या बाटलीच्या तोंडाशी हळद आढळली. प्रयोगशाळेतल्या वार्षिक पूजेच्या वेळी बाटलीवर चुकून हळद पडली होती. मी स्टुलावरून म्हणाले, "चुकून न्हाय पडली." तिघांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं बोलले, "चुकून कशी? मी टाकली. मॅडमनी सांगितलं, तुम्ही सगळे हात जोडून हुबे व्हता. सांडली असती तर गोष्ट येगळी. तुझं भलं व्हावं म्हणून टाकली ना मी." श्रीरंग डोळे मोठे करून बघत होता. प्रांजलीनं माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. मॅडम हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. चुकून काढ." प्रांजलीनं तो शब्द पुसला. पडद्यावर मधे एक मोकळी जागा राहिली, मग शब्द सरकून एकमेकांना जोडले गेले. तिनं पाठवलं. कळ दाबल्याचा एवढासा आवाज झाला.

मग एकाएकी सगळे एकदमच बोलायला लागले. श्रीरंग म्हणाला, वर कपाटात हळदीतला शुद्ध पिवळा रेणू आहे, विकतचा, कुणीतरी औषधाच्या कामासाठी आणलेला. मॅडम म्हणाल्या, "तोच आण, भंडाऱ्यात काय काय मिसळलेलं असतं देव जाणे." तो जिन्यानं पळाला. मी त्या पोराला इतकं पळताना कधी बघितलं नव्हतं. प्रांजली नवी तार चिकटवायला लागली होती. लेख गेला होता, नाव गेलं होतं, बापानं पाजलेला चहा गेला होता, आणि तरी त्या तळघरात असं काहीतरी भरून राहिलं होतं की मला बसवेना. मेंढी अडली की रात्रभर आम्ही असेच बसायचो, काय निघेल माहीत नसायचं, आणि तेव्हाही भीतीपेक्षा हीच हुरहुर मोठी असायची. श्रीरंग धापा टाकत आला. पिवळं पाणी झालं. पेटी बंद, दिवे बंद.

पहिल्यांदा पायरीच आली नाही. दुसऱ्यांदा आली आणि उजेड टाकायच्या आधीच तुटली. मॅडम दातांवर दात दाबून उभ्या होत्या. श्रीरंग पुटपुटत होता, "चिकट गं बाई, चिकट." रेघ उतरत गेली, मोठ्या पायऱ्या, लहान पायऱ्या, तुटली, पडली, आणि पडता पडता थांबली. थांबून राहिली. थरथरत होती पण होती. इतक्या कोट्यवधी कणांतला एकटाच, सोन्याच्या दोन टोकांना धरून. "आता," प्रांजली म्हणाली, कुणाला ते माहीत नाही, आणि निळा टाकला.

रेघ वर गेली. बंद केला, खाली आली. टाकला, वर. बंद, खाली. टाकला, वर. मग आपली आपण तुटली, जशा सगळ्या तुटतात.

श्रीरंगनं माझे खांदे धरून हलवले आणि "आत्या! आत्या!" एवढंच म्हणत राहिला. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, "एकदा म्हणजे काही नाही. हजारदा दिसलं पाहिजे. वेगवेगळ्या तारांवर. हिरव्यात दिसता कामा नये. आणि उलटं करून बघायचं, वीज जास्त सोडली तर रेणूच उजेड देतो का." त्या बोलत होत्या आणि त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ताल धरत होता. प्रांजलीनं स्क्रूचं चाक उलटं फिरवून टोकं पुन्हा जुळवली होती आणि पुन्हा ओढायला सुरुवातही केली होती.

बाहेर दुपार झाली असणार. पोरीच्या पोटात सकाळपासून चहाचा घोटसुद्धा नव्हता. मी दाराशी गेले आणि हळू आवाजात विचारलं, "प्रांजली, जेवायला येशील, का डबा घेऊन येऊ?" रेघ उतरत होती. पोरीची नजर तिच्यावर खिळलेली. मी जरा मोठ्यानं विचारलं, "डबा आणू का गं?" ती पुढं वाकली, तिचे ओठ हलले, पण ते रेघेशी. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मी चौकटीला हात धरून उभी राहिले. तिसऱ्यांदा विचारायचं नाही, असं ठरवलं.